दार लावून गेलेला चोर

१

सोमवारी सकाळी शिवलीलानं प्रिंटरमध्ये कोऱ्या कागदांचा गठ्ठा भरला, खुर्ची पुढं ओढली आणि कॉम्प्युटरवर दूध तपासणीचे अहवाल उघडायला गेली. तिथं काहीच नव्हतं. गावोगावच्या केंद्रांवरून आलेलं दूध ती दिवाळीपासून रोज तपासत आली होती. फॅट किती, पाणी किती, भेसळ आहे का, सगळं. ते जणू कधी तपासलंच गेलं नव्हतं.

ईट हे भूम तालुक्यातलं मोठं गाव, आणि शिवारलक्ष्मी दूध-खवा संघ ही गावाची शान. आजूबाजूच्या खेड्यांतलं दूध इथं यायचं आणि त्यातलं बरंचसं भट्ट्यांवर आटून खवा व्हायचं. यंदा हैदराबादच्या एका मोठ्या मिठाईवाल्यानं वर्षभराचा खवा इथूनच उचलायचं कबूल केलं होतं. अट एकच होती. सबंध हिवाळ्याचे तपासणी अहवाल दाखवायचे. त्यांचा माणूस शुक्रवारी येणार होता.

शिवलीला मॅनेजर महारुद्र यांच्याकडं धावली आणि महारुद्र तिला घेऊन चेअरमन आण्णासाहेबांकडं गेले. आण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच नाव घेतलं ते युसराचं.

"ती पोरगी मिटिंगमधी उभी राहून काय म्हणली? आपल्या कॉम्प्युटरात कुणीबी, कुठनंबी शिरू शकतंय म्हणली. जिनं दार उघडं हाय म्हणून सांगितलं, तीच आत गेली. शुक्रवारी तिला घरी बसवलं आन् सोमवारी अहवाल गायब! आता अजून काय पायजे?"

युसरा ही संघाची कॉम्प्युटर अधिकारी. सगळ्या संचालकांसमोर संघाची अब्रू घालवली, असं म्हणून तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं होतं.

आण्णासाहेब पोलिसांत निघालेच होते. महारुद्रांनी त्यांना थांबवलं.

"पोलीस कॉम्प्युटर उचलून धाराशिवला नेतील, आण्णा. मग शुक्रवारी हैदराबादवाल्याला काय दाखवायचं? आधी त्या राजनंदिनीबाईंना बोलावू. ब्यांकेतलं प्रकरण त्यांनीच उलगडलं होतं म्हणतेत."

२

राजनंदिनी बुधवारी सकाळच्या एसटीनं ईटला उतरली. वय चाळिशीच्या पुढं, पाठीवर लॅपटॉपची बॅग, पायांत चालायचे बूट. धाराशिवला तिचं छोटंसं ऑफिस होतं आणि तिचं काम लोकांना ऐकायला विचित्र वाटायचं. मालकाच्या परवानगीनं ती त्याच्याच कॉम्प्युटरात घुसायची आणि कुठून घुसले ते त्याला सांगायची. कधी कधी, आज होतं तसं, दुसरा कुणी घुसून गेल्यावर तिला बोलावणं यायचं. वाटेवरच्या शिवारात ज्वारी पोटऱ्यांत आली होती, हवेत गारवा होता आणि समोर न सुटलेलं कोडं होतं. एवढ्यावर राजनंदिनीचा दिवस झकास जात असे.

सर्व्हरची खोली महारुद्रांनी उघडून दिली.

"किल्ली कुणाकुणाकडं असते?"

"माझ्याकडंच. आन् शनिवार-रविवार म्या परंड्याला लग्नात होतो. साऱ्या गावाला ठाव हाय."

"पासवर्ड?"

"शुक्रवारी युसरा गेल्याबरोबर बदलला. म्या स्वतः."

"नवीन कुणाला सांगितलात?"

"कुणालाच न्हाय. पासवर्ड बदललाय, हेबी कुणाला सांगितलं न्हाय. आण्णांनाबी न्हाय." महारुद्र जरा ताठ झाले. "सोमवारपतोर कुणाला गरजच पडली न्हाय."

राजनंदिनीनं मान डोलावली आणि लॅपटॉप जोडला. संघाचा सगळा कारभार 'दुग्धसारथी' नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. दूध कुणाचं आलं, तपासणीत काय निघालं, टँकर कुठं गेला, सगळं त्यात. आत कोण कधी आलं याची नोंदही ते ठेवायचं. ती नोंद बघता बघता राजनंदिनी पुढं सरकली. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"काय झालं?" महारुद्रांनी विचारलं.

"शनिवारी दुपारी अहवाल पुसलेत. पण शनिवारी इथं कुणी आलेलंच नाही. युसरा नाही, तुम्ही नाही, कुणी नाही." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "पुसायचा हुकूम दुग्धसारथीनं स्वतःच स्वतःला दिलाय."

३

तिनं लगेच दुग्धसारथी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. मराठवाड्यातलं सगळं काम रणधीर नावाचा माणूस बघायचा. तो मूळचा तामलवाडीचा. ऑफिस त्यानं सोलापुरात थाटलं होतं. अहवाल गेल्याचं आणि युसरावर आळ आल्याचं तिनं त्याला सांगितलं.

"मॅडम, तुमच्या संघाच्या सर्व्हरला मी दिवाळीनंतर हात लावलेला नाही," रणधीर नम्रपणे म्हणाला. "आणि लावणार तरी कसा? पासवर्ड बदलून बसलेत तुमचे लोक. सॉफ्टवेअरमध्ये एक लहानशी चूक होती, तिची दुरुस्ती कंपनीनं कालच, मंगळवारी, सगळ्यांसाठी बाहेर सोडलीय. उद्या मी स्वतः येऊन बसवून देतो."

"या की," राजनंदिनी म्हणाली. "वाट बघते."

मग ती युसराच्या घरी गेली. मशिदीमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, पुढं कडुनिंबाखाली बांधलेली शेळी. युसरा अठ्ठावीस वर्षांची. संभाजीनगरला शिकून तिथली नोकरी सोडून गावी परत आलेली. डोळे सुजले होते, पण बोलणं स्पष्ट होतं. तिची आई फरिदाबी दारातच उभी राहिली.

"तुमी बी तेच इचारायला आलात का? माझ्या पोरीनं केलं म्हून?"

"नाही हो. ती मिटिंगमध्ये काय म्हणाली, ते मला नीट ऐकायचंय. त्या दिवशी कुणी ऐकलंच नसेल."

फरिदाबी बाजूला झाली. "बसा मग. चाय टाकते."

युसरानं सांगितलं ते असं. प्रत्येक गावचं केंद्र रोजच्या पावतीचा फोटो दुग्धसारथीला पाठवतं. त्यासाठी एक पान असतं आणि त्या पानाला पासवर्ड लागत नाही. एकदा एका केंद्रचालकानं फोटोऐवजी भलतीच फाइल पाठवली आणि सर्व्हर अडकून पडला. युसरा कारण शोधायला बसली आणि जे सापडलं त्यानं तिला घाम फुटला.

"फोटो आलाय की दुसरं काही, ते सॉफ्टवेअर बघतच नव्हतं, मॅडम. फोटोच्या जागी हुकूम पाठवला, तर ते हुकूम पाळायचं. पुसून टाक म्हटलं तर पुसायचं. पाठवणारा अमेरिकेत बसलेला का असेना."

"म्हणून शनिवारी कुणाचं नाव उमटलं नाही," राजनंदिनी म्हणाली. "हुकूम बाहेरचा, पण पाळला दुग्धसारथीनं. कंपनीला कळवलं होतंस?"

"दिवाळीच्या सुमारास. रणधीर सरांना. बघतो म्हणाले. नंतर काहीच हालचाल दिसेना, म्हणून शेवटी मिटिंगमध्ये बोलले." ती हातातल्या कपाकडं बघत राहिली. "गप्प बसले असते तर बरं झालं असतं का, मॅडम?"

"अजिबात नाही."

फरिदाबीनं मध्येच तोंड घातलं. "त्या महारुद्राला इचारा की. त्याच्या मेहुण्याच्या केंद्राचं दूध पाणीदार निघालंय म्हून सारा गाव बोलतोय. अहवाल गेले तर कुणाचं भलं व्हतं?"

हे राजनंदिनीनं मनात ठेवलं. मग तिनं आण्णासाहेबांना फोन करून परवानगी घेतली आणि युसराच्या समोरच लॅपटॉप उघडला. निरुपद्रवी असा एक हुकूम तयार केला, आजची तारीख लिही एवढाच. फोटोच्या पानावरून तो संघाच्या सर्व्हरला धाडला. दोघी वाट बघत राहिल्या.

पडद्यावर एक ओळ आली: 'फक्त फोटो स्वीकारले जातील.'

युसरा ताडकन उठली. "ही ओळ नव्हती, मॅडम! शुक्रवारी घरी निघायच्या आधी मी बघितलंय, दार सताड उघडं होतं."

राजनंदिनीनं सर्व्हरमध्ये डोकावून पाहिलं. दार बंद करणारी एक नवी फाइल तिथं येऊन बसली होती. तारीख शनिवारची. अहवाल पुसले गेले त्याच दुपारची.

जो आत शिरला होता, तोच जाताना दार दुरुस्त करून गेला होता.

४

संघात परत येईपर्यंत राजनंदिनी एकाच गोष्टीचा विचार करत होती. घर लुटून वर त्या घराची मोडकी कडी बसवून देणारा चोर कसा असेल?

प्रयोगशाळेत शिवलीला नळ्या विसळत होती. कोपऱ्यात दूध तपासायचं मशीन घरघरत होतं.

"तुमचे अहवाल सर्व्हरवर नेमके कुठं साठायचे?"

"मशीनमधनं आपोआप जातेत, ताई."

"कुठं जातात पण?"

शिवलीला एका नळीत ब्रश फिरवत राहिली. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती. राजनंदिनी स्टुलावर बसली आणि प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच शांतपणे.

"अहवालांची जागा येगळी हाय," शिवलीला शेवटी म्हणाली. "पन तिथं दर बारीला नाव घाला, पासवर्ड घाला. सकाळी टँकर दारात हॉर्न वाजवत असतेत, ताई. फोटोच्या फोल्डरला कायबी लागत न्हाय. म्हून म्या मशीनला सांगून ठिवलं, तिथंच टाक. युसराला कळलं असतं तर लई रागावली असती. कुणालाच बोलले न्हाय."

"म्हणजे ते अहवाल फोटोंच्या ढिगात होते, हे फक्त तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय." तिचा आवाज बारीक झाला. "आता माझ्यावर येनार का?"

राजनंदिनी लगबगीनं सर्व्हरच्या खोलीत गेली, फोटोंचं फोल्डर उघडलं आणि मोठ्यानं हसली. बाहेर उभे असलेले महारुद्र दचकून आत आले.

"पावत्यांचे फोटो बघितलेत का तुम्ही?"

"ते कोन बघतंय, ताई? नुसते साठत ऱ्हातेत."

"तेही गेलेत. शनिवारपर्यंतचे सगळे. अहवालांवर कुणाची नजर नव्हतीच, महारुद्रजी. कुणीतरी अख्खी खोली झाडून काढली, आणि कचऱ्याबरोबर दागिनाही गेला."

महारुद्रांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. राजनंदिनीनं ती पाहिली.

"तुमच्या मेहुण्यांच्या केंद्राबद्दल मी ऐकलंय."

"खरं हाय ते," महारुद्र खाली बघत म्हणाले. "दोनदा पानी निघालं. म्याच त्यांचं दूध बंद केलं. बायको अजून धड बोलत न्हाय माझ्याशी."

त्या संध्याकाळी राजनंदिनीनं कंपनीच्या साइटवरून मंगळवारी बाहेर आलेली दुरुस्ती उतरवून घेतली आणि सर्व्हरवर शनिवारी येऊन बसलेल्या फाइलीच्या शेजारी ठेवली. दोन्हींची तुलना करायला तिला फार वेळ लागला नाही. मग तिनं आण्णासाहेबांना निरोप धाडला. उद्या सगळ्यांना बोलवा. युसरालाही.

५

गुरुवारी चेअरमनच्या खोलीत सगळे जमले. आण्णासाहेब टेबलामागं बसले होते, महारुद्र खिडकीशी. शिवलीला आणि युसरा दोन टोकांना. रणधीर इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. टेबलावर ताज्या खव्याची बशी होती. तिला कुणी हात लावला नव्हता, राजनंदिनी सोडून.

"दुरुस्ती बसवू का, मॅडम?" रणधीरनं विचारलं.

"बसवाल. आधी दोन गोष्टी सांगते." तिनं बोटं पुसली. "परवानगीशिवाय जो कुणी आत आला, तो फोटोच्या दारानं आला. त्या दाराला पासवर्ड लागत नाही. म्हणून कुणाला पासवर्ड माहीत होता, हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न असा आहे, की त्यानं आत येऊन काय केलं. त्यानं फोटोंचं फोल्डर सगळंच्या सगळं साफ केलं आणि दार दुरुस्त केलं. अहवाल नेमके उडवायचे असते, तर त्यानं तेवढेच उडवले असते. ते तिथं आहेत, हेच त्याला ठाऊक नव्हतं."

"युसराला कुठं ठाव होतं?" आण्णासाहेब म्हणाले. "म्हंजे तिच्यावरचा संशय तसाच."

"थांबा, आण्णासाहेब. शनिवारी बसलेली दुरुस्ती कुठून आली? फाइलीचा एक ठसा काढता येतो, आपल्या अंगठ्यासारखा. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी ठसा बदलतो. शनिवारच्या फाइलीचा आणि कंपनीनं मंगळवारी बाहेर सोडलेल्या फाइलीचा ठसा एकच आहे. मंगळवारची वस्तू शनिवारी कुणाच्या हातात असेल? युसराच्या नाही. ज्यानं ती बनवली, त्याच्याच."

रणधीरनं घसा खाकरला.

"कंपनीत बरेच लोक आहेत, मॅडम."

"आहेत ना. पण त्यातल्या एकानंच मला काल फोनवर सांगितलं, की संघाचा पासवर्ड बदललाय. महारुद्रजी, पासवर्ड बदलल्याचं तुम्ही रणधीरना कळवलं होतं?"

"न्हाय की! कुणालाच न्हाय."

"मग कळलं कसं? नेहमीच्या दारानं आत यायला बघितल्याशिवाय ते कळत नाही. आणि तुम्ही तर दिवाळीनंतर हात लावला नव्हता, रणधीर."

रणधीर मान खाली घालून बसला. लॅपटॉपचं झाकण त्यानं हळूच मिटलं.

"चोरी करायची नव्हती, मॅडम," तो म्हणाला. "युसरानं कळवलं तेव्हा मी ते मनावर घेतलंच नाही. मग महिन्याभरापूर्वी स्वतः करून बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली. दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठं आहे ते चोरांनाही कळतं. म्हणून जाहीर व्हायच्या आधीच माझ्या सगळ्या संघांत गुपचूप बसवत होतो. इथं आलो तर पासवर्ड चालेना. विचारायला फोन केला असता, तर इतके दिवस काय करत होतास म्हणाले असते. म्हणून त्याच भोकातून आत आलो. कुणी विषारी फाइल टाकून ठेवली असेल या भीतीनं फोल्डर साफ केलं. त्यात अहवाल असतील असं स्वप्नातही आलं नाही."

"आन् काल फोनवर कळलं तवा?" आण्णासाहेबांचा आवाज चढला. "आमी या पोरीला चोर म्हणत हुतो, तवा तुमी सोलापुरात गप बसलात?"

रणधीर युसराकडं वळला. "माझं चुकलं. लई चुकलं." सोलापुरी शर्टाआडून तामलवाडी बाहेर आली होती.

युसरानं विचारलं, "सर, तुम्ही फोल्डर साफ केलं, पण त्याआधी त्याची कॉपी घेतली होती ना? विषारी फाइल शोधायची, तर काहीतरी शोधायला ठेवावं लागतं."

राजनंदिनीनं समाधानानं खव्याचा आणखी एक तुकडा उचलला. हाच प्रश्न ती विचारणार होती.

रणधीरनं लॅपटॉप पुन्हा उघडला. कॉपी होती. पावत्यांचे शेकडो फोटो, त्यात कुणाचा तरी अंगठा, कुणाची म्हैस, एका केंद्रचालकाच्या नातवाचं बारसं, आणि त्या सगळ्या गर्दीत शिवलीलाचे अहवाल. एकही कमी नव्हता. शिवलीलानं तोंडाला पदर लावला आणि रडता रडता हसली.

६

दुपार सगळी कामात गेली. राजनंदिनीनं ती कॉपी कसून तपासली. दुसऱ्या कुणाचा हुकूम तिच्यात सापडला नाही. तरी उघड्या राहिलेल्या घरावर भरवसा नको, म्हणून युसरानं सर्व्हर मुळापासून पुसून नव्यानं उभा केला आणि दुरुस्ती बसवली. फोटोचं पान आता नोंदवलेल्या केंद्रांपुरतंच उघडायचं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा झाला आणि रोजची एक कॉपी दुसऱ्या जागी जायला लागली. शिवलीलाच्या मशीनला अहवालांच्या खऱ्या जागेची वाट दाखवली. तिथं आपोआप शिरायची सोयही युसरानं करून दिली, म्हणजे टँकरवाल्यांच्या हॉर्नशी भांडण नको. मशीनच्या पोटात अलीकडच्या तपासण्यांचे आकडे होते, तेही अहवालांशी पडताळून पाहिले. जुळले.

रणधीरला राजनंदिनीनं खिडकीजवळ बसवलं होतं. त्याच्या प्रत्येक संघाला तो तिच्यासमोर फोन लावत होता आणि काय झालं, कुणी शोधलं, काय करायचं, ते आपल्या तोंडानं सांगत होता. पहिल्या फोनला त्याचा आवाज कापत होता. नंतर नंतर तो मोकळा झाला.

निघताना आण्णासाहेब युसरासमोर येऊन उभे राहिले. माफी मागायची सवय नसलेल्या माणसाला शब्द जड जातात.

"उद्यापास्नं ये," ते म्हणाले. "आन् पुढल्या मिटिंगमधी आधी तू बोलायचं. मग आमी."

"मी बोलेन ते लिहून घ्याल ना, आण्णासाहेब?"

"घेऊ की."

शुक्रवारी हैदराबादचा माणूस आला, त्यानं अहवाल चाळले, खवा चाखला आणि करारावर सही केली. आपण अजून बराच खवा चाखू शकलो असतो, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पंधरा दिवसांनी राजनंदिनी पुन्हा ईटला आली, केलेल्या कामाची फेरतपासणी करायला. सगळी दारं तिनं ठोकून पाहिली. एकही उघडलं नाही. मग युसरा तिला घरी घेऊन गेली.

"मॅडम, कंपनीची नवीन सूचना आली," तिनं मोबाइल पुढं केला. दोष कोणता, दुरुस्ती कोणती, ते इंग्रजीत लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ होती: हा दोष युसरा यांनी शोधून कळवला. पुढं गावाचं नाव.

फरिदाबी चुलीपुढून उठून आली. "काय लिवलंय? गावाचं नाव बराबर हाय का?"

युसरा हसू दाबत होती. "नाही ना अम्मी. स्पेलिंग चुकवलंय. 'Eat' लिहिलंय, म्हणजे इंग्रजीत ते आता गावाचं नाव नाही, 'खा' असं झालंय. जगभर गेलंय तसंच. बदलायला सांगू का?"

"खा?" फरिदाबीनं क्षणभर विचार केला. मग पदर खोचला आणि भाकरीची टोपली पुढं ओढली. "बराबरच हाय की मग. बसा दोघी. ताटं करते."